केरबा हवालदारांची स्टेपनी

खंडेनवमीला आमच्याकडे स्कूटरची पूजा असते. आई, म्हणजे शालूबाई, दोन्ही चाकांना हळदकुंकू लावते आणि मग सीटमागच्या रिकाम्या कड्यालाही लावते. तिथं स्टेपनीच नाही, असं मी दरवर्षी सांगतो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

स्कूटर आमच्या तात्यांची. तात्या म्हणजे माझे वडील, केरबा हवालदार; फौजेतून आले ते शिस्त बरोबर घेऊनच. स्टेपनी बसवायची तर वॉल्व्ह खाली, आणि खडखडू नये म्हणून मध्ये जुन्या वर्दीची हिरवी पट्टी. पंक्चर काढल्याशिवाय गाडी घरात घ्यायची नाही, हा दुसरा नियम. आम्ही पोरं पाठीमागे हसायचो.

दोन वर्षांपूर्वी कालव्याच्या रस्त्यावर, चाक बदलता बदलताच त्यांचं हृदय थांबलं. पाना हातात तसाच होता. स्टेपनी घरंगळत पाण्यात गेली असावी. पुढं कालवा कोरडा पडला तरी ती सापडली नाही, आणि दुसरी घ्यायला आई तयार होईना.

यंदा दसरा झाला आणि चारच दिवसांत मिरजेहून दाजींचा फोन आला. माझी बहीण अंकिता बाळंत झाली होती. बाळ ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. तिचा रक्तगट दुर्मिळ, जुळणारा मी एकटाच. दारात स्कूटर होती. जवळचा म्हणून कालव्याचा रस्ता धरला, आणि तात्या गेले त्याच बाभळीपाशी मागचं चाक बसलं.

दोन्हीकडं ऊस. भर दुपारी चिटपाखरू नाही, मोबाइलला रेंज नाही. संतापून सीटवर हात आपटायला वळलो.

कड्यावर स्टेपनी होती.

वॉल्व्ह खाली. मध्ये हिरवी पट्टी.

टायरच्या खाचांतून पाणी ठिबकत होतं. त्यावर उमटलेलं हळदकुंकू मात्र कोरडं होतं.

मी वायरमन माणूस, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा. पण तेव्हा विचार करायला सवड कुठली? चाक दाबून पाहिलं, हवा टच्च होती. बदललं, पंक्चर झालेलं कड्यावर चढवलं आणि निघालो.

अंकिता वाचली. आणखी उशीर झाला असता तर हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं माझा हात धरला तेव्हा मी दाजींसमोरच रडलो. मनातल्या मनात तात्यांच्या पाया पडलो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "त्यांचं काम अर्ध्यावर ऱ्हायलं व्हतं रं."

मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पंक्चर काढलंस न्हवं?"

गडबडीत राहूनच गेलं होतं.

"मग गाडी भाईरच ऱ्हाऊ दे."

अंगणात लावली.

सकाळी बाहेर आलो. कड्यावरचं चाक दाबलं. टणक होतं. वॉल्व्ह खाली.

शेजारी तात्यांचं घमेलं होतं, पंक्चर शोधायला ते ट्यूब बुडवायचे ते. काठोकाठ भरलेलं. आई अजून उठलीही नव्हती.

मी हात जोडले. त्यांचे उपकार कसे फेडायचे, कळेना.

घमेल्यात तळाकडून एक बुडबुडा सावकाश वर आला.

मग दुसरा.