तिसरी हाक

कंदील जरा बारीक करा. विझवू नका, नुसता बारीक करा. लाइट काही आता सकाळपर्यंत यायची नाही.

मघापासून तुमच्या उलट्या पायांच्या आणि पांढऱ्या लुगड्याच्या गोष्टी ऐकतोय. आता मी एक सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, मी भूत मानत नाही. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा माझ्या आईनं, भीमाबाईनं, देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं नदीत सोडले. पुढं ती कधी भगताच्या दारात गेली नाही. फक्त एक गोष्ट तिला सोडवली नाही. रात्री बाहेरून कुणी हाक मारली, की तीन हाका होईपर्यंत ती ओ देत नसे. ‘बाहीरचं आसंल तर त्ये दोनदाच बोलवतंय,’ म्हणायची. सगळं गाव तसंच वागायचं. किसन, हसू नकोस, तुझी आई अजून तेच करते.

हे घडलं ते आपल्या हैबतरावाच्या बाबतीत. मागच्या माघात तो गेला, म्हणून आज सांगतोय. तो असताना तोंडातून काढलं नव्हतं.

शनिवार होता. अठरा फेब्रुवारी, साल चौऱ्याऐंशी. त्या दुपारी मी पुण्याला यंत्राचा कागद आणायला गेलो होतो. पौडला स्टँडच्या मागं डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथं मी नोकरीला. डॉक्टर मोठ्या इस्पितळातून निवृत्त होऊन आलेले, आणि येताना ईईजीचं एक जुनं यंत्र घेऊन आले होते. लोक त्याला ‘डोक्याची पट्टी’ म्हणायचे. डोक्याला तारा चिकटवायच्या, की आठ पेनं सरकत्या कागदावर आठ रेघा ओढत बसतात. यंत्र होतं फिट येणाऱ्यांसाठी. पण कुणाचं झोपेचं दुखणं असलं, तर डॉक्टर त्याला रात्रभर तिथं निजवून रेघा काढायला लावायचे. एका रात्रीला फर्लांगभर कागद जायचा. डॉक्टर माडीवर झोपायचे आणि जागायचं मी.

कागदाचे गठ्ठे घेऊन साडेपाचच्या गाडीनं उतरलो, तर स्टँडवर बाकाच्या एका टोकाला हैबतराव आणि दुसऱ्या टोकाला त्याची बायको साळूबाई. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. मीच त्यांना बोलावलं होतं. हैबतराव माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तालमीत घुमलेला गडी. पण सहा महिने त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि नुसता सापळा उरला होता.

“चला,” मी म्हटलं. दोघं उठले आणि एकमेकांकडं न बघता माझ्या मागं चालू लागले.

तारा लावायला तासभर जातो. केस बाजूला करून जागा पुसायची, मलम लावायचं, वर चिकटपट्टी. मग रोगी आतल्या खोलीत खाटेवर, आणि बाहेरच्या खोलीत यंत्रापाशी मी. मधल्या भिंतीला काच. माझ्या खोलीच्या पुढं लांबडी पडवी, तिथं एक बाक, आणि तिथंच रस्त्याकडचं दार. साळूबाई त्या बाकावर घोंगडी घेऊन बसली.

यंत्र सुरू केलं की आधी तपासून घ्यावं लागतं. मी हाक दिली, “हैबतराव, डोळं मिटा.” काही नाही. पेनं तर जोरात हलत होती, म्हणजे गडी जागा होता. पुन्हा हाक दिली. गप्प. मला राग किती लवकर येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्यांदा ओरडलोच, तेव्हा आतून आलं, “ओ.”

मी तरातरा आत गेलो. “दिवेलागन झाली म्हून माझं बी भूत झालं व्हय, हैबतराव? पौडात बसून बी तीन हाका?”

“सवय, ज्ञानदेवा,” तो म्हणाला. मग छताकडं बघत राहिला. “ह्याच सवयीनं पोर घालीवली मी.”

त्याची सारजा ओढ्यात बुडाली एवढंच गावाला ठाऊक होतं. सासर दोन कोसांवर, नवरा मारकुटा. एकदा ती पळून आली, तेव्हा हैबतरावानंच तिला परत नेऊन घातली होती. ‘पंचमीला मी न्यायला ईन, तवर यायचं न्हाई,’ असं सांगून आला होता. ते साल त्र्याऐंशीचं. पंचमीला पाच दिवस होते. दिव्याच्या अवसेची रात्र आणि मुळशीचा पाऊस.

“दोन वाजून गेलं आसतील,” तो सांगायला लागला. “दाराशी हाक आली, आबा म्हून. साळू उठून बसली. म्हनली, सारजी हाय. म्या म्हनलं, थांब, अवस हाय, तीन होऊ देत. दुसरी हाक आली. ही दाराकडं निगाली, तसा म्या हिच्या तोंडावर ह्यो हात ठिवला. गच्च. आन् तिसरीची वाट बगत बसलो. तिसरी आलीच न्हाई, ज्ञानदेवा.”

सकाळी सारजा ओढ्याच्या फरशी-पुलाखाली सापडली. माहेराकडं पाठ करून ती परत सासरी निघाली होती.

“तिला वाटलं आसंल, बा अजून रागात हाय, ऐकून बी दार उगडंना. रागात न्हवतो रं मी. भ्यालो व्हतो. येवढंच तिला सांगायचं ऱ्हायलंय. तिसरी हाक आली की लगीच ओ देनार हाय मी. म्हून जागतोय.”

मी दारातून बाहेर पाहिलं. पडवीत साळूबाई तशीच बसून होती. त्या सकाळपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण बोलणं नाही. दवाखान्याचंसुद्धा तिनं मला सांगितलं आणि मी त्याला. “भावजी, ह्ये बी गेलं तर मग मी कुनावर रागावू?” असं म्हणाली होती मला. तिचा राग खरा होता आणि काळजीही खरी होती.

डॉक्टर तपासून गेले, जाताना झोपेची गोळी देऊन गेले. झोपच लागली नाही तर रेघा कसल्या काढणार? हैबतराव ती गोळी तळहातावर घेऊन बसला.

“नगं. म्या झोपलो आन् तेवढ्यात ती आली म्हंजी?”

“मी जागाच हाय की. हाक आली तर उठवतो तुमास्नी.”

“शबूद दे.”

“दिला.”

लहान पोराची समजूत काढावी तसं बोललो मी. कुठली हाक आणि कुठलं काय! त्यानं माझ्या तोंडाकडं बघत गोळी गिळली.

सव्वाअकराला त्याला झोप लागली. रेघा आधी दाट होत्या, मग सैल झाल्या, मग मोठमोठ्या संथ लाटा यायला लागल्या. सहा महिन्यांनी माणूस झोपला होता. मला मनापासून बरं वाटलं. दारातून मान काढून मी साळूबाईला सांगितलं, झोपला. तिनं पदर तोंडाला लावला आणि तिकडं वळून बसली.

बारा झाले. एक झाला. रस्त्यानं एक ट्रक गेला, त्यानंतर काही नाही. नुकतीच पौर्णिमा होऊन गेलेली, खिडकीबाहेर लख्ख चांदणं. कुत्रीसुद्धा गप्प. मी कागदाच्या कडेला पेन्सिलनं वेळ लिहीत होतो. दोन. दोन वीस. दोन तीस.

दोन चाळीसला पेनं थांबली.

यंत्र बंद पडलं नव्हतं. कागद सरकत होता. पण पेनं... सरळ. माणसाच्या डोक्यात झोपेतही काही ना काही चालू असतं. इथं काहीच नाही. कान देऊन ऐकताना आपण श्वास धरतो, तसं. मी बटणाकडं हात नेला.

आणि दाराशी...

“आबा.”

मोठ्यानं नाही. लांबून चालत आलेलं माणूस दमून बोलतं तसं.

एकदाच.

मी उठलो नाही. उठायचं होतं. आत जायचं, त्याला हलवायचं. शब्द दिला होता ना... पाय हलेनात. तोंड उघडेना. पोरांनो, मनात मी काय म्हणत होतो, सांगू? मी, भूत न मानणारा... मी म्हणत होतो, अजून दोन होऊ देत. तीन होऊ देत.

...

नाही रे किसन, थांबलो नाही. सांगतो.

पेनं एकदम उसळली. मी काचेतून पाहिलं. हैबतराव झोपलेलाच. डोळे मिटलेले. पण मिटल्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पार कानापर्यंत. छाती वरखाली होत होती. तो उठायला बघत होता. गोळी त्याला उठू देत नव्हती. मी शब्द देऊन घ्यायला लावलेली गोळी.

बाहेर काही नाही. पावलं मागं वळल्यासारखी... का मला तसं वाटलं...

मग पडवीतून आवाज आला.

“ओ.”

साळूबाई. कडी निघाली.

“ओ, सारजे. हाय मी. बग, दार उगडलंय.”

मी कसाबसा दारापर्यंत गेलो. पुढचं दार सताड उघडं. रस्त्यावर चांदणं. कुणी नाही. साळूबाई उंबऱ्यात उभी. पदर खांद्यावर आलेला. कुणाच्या तरी तोंडावरून हात फिरवावा तसा तिचा हात... हवेतच.

“किती भिजलीस गं...”

फेब्रुवारी महिना होता. पावसाचा टिपूस नव्हता.

“तुजा बा झोपलाय, बाई. आज झोपलाय त्यो. त्याला राग न्हवता गं तुजा. भ्यालं व्हतं त्ये. आमी जागं व्हतो... दोगं बी. ऐकू आलं व्हतं आमास्नी...”

मग ती थांबली. समोरचं माणूस बोलायला लागलं की आपण थांबतो, तशी.

मान हलवली.

“व्हय. सांगते.”

किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. तिनं दार लोटलं. कडी लावली नाही. बाकावर येऊन बसली आणि मग जी रडली... लेक गेल्यावर ती एकदाही रडली नव्हती म्हणे. मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो. मीही रडलो, त्यात लपवायचं काय? कागदावर पुन्हा संथ लाटा येत होत्या.

साडेसहाला हैबतराव जागा झाला. डोळे उघडल्या उघडल्या त्यानं मला विचारलं, “आली व्हती?”

माझी मान खाली. काय सांगणार? आली होती, आणि शब्द देऊनही मी तुम्हाला उठवलं नाही? हे ऐकून तो माणूस वाचला नसता. तेवढ्यात साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. खाटेच्या कडेला बसली, आणि सहा महिन्यांनी पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली.

“आली व्हती. तुमीच तर ओ दिलीसा.”

“म्या?”

“झोपंत. पैल्या हाकंला. लई बरं वाटलं तिला.”

तो कोपरावर उठला. मग माझ्याकडं वळला. “खरं का, ज्ञानदेवा?”

“खरं,” मी म्हटलं.

साळूबाईनं त्याचा उजवा हात, तोच हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला. डोक्याला तारा तशाच असताना तो गडी तिच्या मांडीवर तोंड घालून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. त्या रात्रीपासून त्याला रोज झोप लागायची. गेला तोही झोपेतच.

ते दोघं दुपारच्या गाडीनं गेल्यावर मी कागद चाळायला घेतला. डॉक्टरांना दाखवायच्या आधी मला दोन चाळीसच्या वेळची कागदाची घडी बघायची होती. सात पेनं डोक्याच्या तारांची असतात आणि आठवं हनुवटीचं. माणूस बोलला, जबडा हलला, तर ते हलतं. त्या रात्री त्या आठव्या पेनची शाई बाराच्या आतच संपली होती. मी आळस केला, भरली नाही. झोपलेला माणूस काय बोलणार म्हटलं. त्यामुळं तिथून सकाळपर्यंत आठव्या रेघेची जागा कोरी. शंभर हात, दोनशे हात, कोरीच.

ती घडी मी कापून ठेवली. डॉक्टरांना दाखवली नाही. साळूबाईलाही दाखवली नाही. आपण नवऱ्याशी खोटं बोललो, असंच ती आजही समजते. घरी ट्रंकेत आहे, कुणाला बघायची असेल त्यानं उजेडी यावं. पेनं थांबलेली दिसतात. तिथून बोटभर पुढं, आठव्या रेघेच्या कोऱ्या जागेत, काळ्या शाईची एक बारीक उसळी आहे. माणूस ‘ओ’ म्हणतो तेवढी.