पडद्यावरचा काळा डाग

कासवटोकाच्या रडारकेंद्रातला पडदा स्वच्छ निळा होता, आणि हेमांगी चोगलेला त्या निळाईचाच राग येत होता. वादळ ओसरून दुपार झाली होती. बंदरातल्या सगळ्या होड्या परतल्या होत्या, एकट्या भास्करची सोडून. भास्कर तिचा धाकटा भाऊ. त्याचा बिनतारी संच कालपासून मुका होता.

"लाकडी होडी, त्यात इंजिन बंद पडलेलं असणार," केंद्राचे प्रमुख डॉ. वर्तक म्हणाले. माणूस मुळातच सावध. "लाकडावरून रेडिओलहरी फारशा परतत नाहीत. शिवाय ती पाण्याबरोबर वाहतेय. आपली तरंगगाळणी तिला लाट समजून पुसून टाकणार."

"होडी नाही दिसणार, पण समुद्र दिसतो ना, सर?"

"तो दिसतो वाऱ्याने उठणाऱ्या बारीक तरंगांमुळे. त्यांच्यावर आपटून लहरी परततात. पाणी गुळगुळीत असलं, तर काहीच परतत नाही. तिथे पडद्यावर नुसता काळोख."

हेमांगी ताडकन उठली. भास्करच्या होडीत मुशी माशाच्या तेलाचा डबा कायम असायचा. एरवी ते फळ्यांना चोपडायचं, आणि समुद्र खवळला की थेंब थेंब पाण्यात सोडायचं. तवंग पसरला की लाटा फुटत नाहीत, ही त्यांच्या घरची जुनी रीत. त्या वासावरून तिने भावाला किती छळलं होतं!

"सर, त्याने तेल सोडलं असणार! तेलाखाली तरंग उठत नाहीत. आपण होडी शोधतोय, शोधायला हवा काळा डाग."

"पण पडद्यावर डाग कुठे आहे?"

नसणारच. डाग तिनेच बुजवले होते. तारली माशांचा थवा वर आला की त्याचंही तेल पाण्यावर पसरतं. बंदरात कोळ्यांसाठी लावलेल्या पडद्यावर असा डाग उमटला की सगळे तांडेल आपापल्या होड्या घेऊन तिकडे सुसाट सुटत. एकदा भास्कर आणि हिरामण तांडेल यांनी एकाच डागावर जाळी टाकली, होड्या आदळल्या, डोकी फुटली. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. वैतागून हेमांगीने 'पोकळीपूरक' बनवला: जिथून लहरी परतत नाहीत, तिथे शेजारच्या पाण्याची सरासरी भरून टाकायची. डाग गेले, भांडणं मिटली, तिला शाबासकीही मिळाली.

आता तिने पूरक बंद केला. नैर्ऋत्येला एक काळी, लांबट रेघ उमटली.

"बचावनौका दूर उत्तरेला आहे," वर्तक म्हणाले. "मी वळवतो. पण पोचेपर्यंत अंधार पडेल."

तोवर होडी टिकेल? एवढ्यात खिडकीतून धडधड ऐकू आली. एक इंजिन, मग दुसरं, मग अख्खं बंदर. बंदरातला पडदाही याच यंत्रणेवर चालतो, हे ती साफ विसरली होती! तिथे कितीतरी दिवसांनी डाग दिसला होता, आणि होड्या त्याच्यामागे निघाल्या होत्या. सर्वांत पुढे हिरामण.

तिने घाईने माइक उचलला. खरं कळल्यावर तो मागे फिरला तर? पण खोटं तिच्याने बोलवेना. "हिरामणदादा, तिथे तारली नसेल. भास्कर असेल."

खरखरीतून हिरामणचा आवाज आला, "तारली असो, नायतर तुजा भाव असो. पयला मीच पोचनार!"

उन्हं कलताना पुन्हा तोच आवाज आला. "हेमाबाय, घावला गो! धडधाकट हाय. पन कसला वास मारतोय!" आणि त्यामागून दुसरा, घोगरा आवाज: "हळू लाव की होडी! फली मोडशील माजी!"

हेमांगी हसता हसता रडायला लागली. वर्तकांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "पोकळीपूरक चालू करायचा ना परत?"

"नको, सर," ती डोळे पुसत म्हणाली. "भांडतील मेले. पण जातील."