गाडीपाशी थांब

बॅगा भरून झाल्या का सगळ्यांच्या? मग या, बसा इथे. उद्या धबधबा बघायला जायचंय म्हटल्यावर झोप काय तुम्हाला लागणार नाही. आणि तुमच्या आईला सांगा, मामा ट्रिप मोडायला बघत नाहीये. खुशाल जा. गुहा बघा, दरी बघा, पाण्याखाली उभं राहून दात काढत फोटो काढा. तुमच्या वयात मीही पायाला भिंगरी लावून हेच केलंय. फक्त टोचनचं काय झालं ते ऐकून जा. मग दिवा मालवा नाहीतर चालू ठेवा, तुमची मर्जी.

टोचन म्हणजे माझा दोस्त. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा धंदा, म्हणून सगळे टोचन म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि त्याचं गॅरेज, भिंतीला भिंत लागून. दुपारी माझ्या डब्यातलं तो खायचा आणि वर नावं ठेवायचा. अंगापिंडाने हा असा. अपघात झालेल्या गाड्या रात्री-अपरात्री एकटा उचलून आणायचा, सीटवरचं रक्त पाइपाने धुवायचा आणि घरी जाऊन पोरीला शेजारी घेऊन पोटभर जेवायचा. भित्रा नव्हता तो. एवढं लक्षात ठेवा.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरातला दुसरा रविवार होता. थंडी पडायला लागली होती. संध्याकाळी मी दुकान आवरत होतो, तेवढ्यात टोचनकडे एक गृहस्थ आले. शाळेत गणित शिकवायचे. शर्ट इस्त्रीचा, दाढी मात्र वाढलेली. स्टुलावर बसले आणि गाडीची किल्ली टोचनपुढे धरली. धबधब्याच्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी उभी होती, ती आणायची होती.

बिघडली आहे का, असं टोचनने विचारलं. नाही म्हणाले. मग तुम्हीच का आणत नाही? यावर सरांनी पुढे केलेली किल्ली परत मुठीत धरली. मग एकेक करून सगळं बाहेर आलं.

नवरा, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, अशी तिघं सुट्टीत गाडी घेऊन फिरायला निघाली होती. आधी गुहा, मग दरीवरचा कडा, आणि शेवटी धबधबा. धबधब्याच्या पायथ्याशी खडकावर मुलीचा पाय सटकला. आई दोन हातांवर होती. दोन हातांवर... आणि मुलगी दिसेनाशी झाली. पाणबुड्यांनी शोधलं, गावकऱ्यांनी शोधलं. सात-आठ दिवस झाले तरी काही हाती लागेना.

आणि बायको ती गाडी हलवू देत नव्हती. कारण प्रवासाला निघताना दोघांनी मुलीला बजावून सांगितलं होतं, की हरवलीस तर इकडे तिकडे फिरायचं नाही, गाडीपाशी येऊन थांबायचं. आम्ही तिथेच येऊ. आता आईचं एकच म्हणणं, पोर पाण्यातून निघाली तर गाडीपाशीच येणार. रोज सकाळी फाटक उघडलं की ती बाई हजर. फाटक बंद होईपर्यंत गाडीजवळ बसून राहायची. खात नव्हती, बोलत नव्हती.

“गाडी तिथे आहे तोवर माझी बायको परत यायची नाही,” सर म्हणाले. “एक गेलीच आहे. दुसरी तरी राहू दे मला.”

टोचनने किल्ली घेतली. बाईंच्या नकळत करायचं, म्हणजे रात्रीच जायला हवं होतं. त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, सकाळी लवकर निघा, रात्रीचं नको. पण सकाळी तर बाई फाटकावर असणार. जेवला, पोरीच्या अंगावर पांघरूण घातलं आणि ट्रक काढला. मागे सपाट फळी असते ना, गाडी वर ओढून घ्यायची, तो ट्रक.

घाट चढून वर पोचला तेव्हा सगळीकडे सामसूम. चंद्र नव्हता. चौकीदार शालीत गुरफटून बाहेर आला, फाटक उघडलं, आणि विचारलं, “बाईंना सांगितलंय ना?”

टोचन म्हणाला, “हो.”

चौकीदार त्याच्याकडे बघत राहिला. पुढे यायला मात्र तयार होईना. आपल्या खोलीच्या दारातूनच त्याने हाताने दिशा दाखवली.

एवढं मोठं मोकळं पार्किंग आणि त्यात एकच गाडी. धबधबा दिसत नव्हता, पण आवाज होता. तुम्ही ऐकाल उद्या. छातीत घुमतो तो आवाज. टोचनने बॅटरी मारून गाडीत पाहिलं. मागच्या सीटवर टॉवेल घातलेला. त्यावर फ्रॉक, स्वेटर, कोरडे मोजे, सगळं घडी करून ठेवलेलं. बाजूला बिस्किटांचा पुडा, वरून फाडून दिलेला, म्हणजे लहान बोटांना त्रास नको. आईने मांडून ठेवलं होतं सगळं. थंडी वाजेल, भूक लागेल म्हणून.

हे मला टोचनने नंतर सांगितलं. म्हणाला, तेव्हाच परत फिरायला हवं होतं रे.

पण कामाला लागला. तारेचा दोर गाडीला अडकवला, यंत्र चालू केलं. गाडी कुरकुरत फळीवर चढली. त्याने यंत्र बंद केलं...

आणि धबधबा थांबला.

म्हणजे आवाज थांबला. एवढं पाणी पडतंय, गार तुषार तोंडावर येतायत, आणि आवाज नाही. पानाचा नाही. किड्याचा नाही. टोचनला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं, तसं वाटलं म्हणाला.

मग पुन्हा आवाज सुरू झाला. कानात दडे बसले असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. ट्रकमध्ये बसला, दोन्ही दारं लॉक केली आणि निघाला.

घाटाची पहिली दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणावर त्याने आरशात पाहिलं. मागच्या लाल दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी होतं. आधी वाटलं, कुत्रं असेल. पुढच्या वळणावर परत पाहिलं.

पळत होतं ते. दोन पायांवर.

लहान. एक हात वर केलेला. सुटलेली बस थांबवायला करतो ना आपण, तसा.

टोचनने ट्रक पळवला. घाटात, मागे गाडी लादलेली, तरी पळवला. वळण आलं. आरशात पाहिलं. तेवढंच अंतर. आणखी वळण. तेवढंच. त्याच्या बाजूची काच खाली होती. इंजिनाच्या आवाजातून त्याला पावलं ऐकू आली. अनवाणी. ओली. चप्... चप्... चप्.

ती ओरडली नाही. एकदाही नाही. टोचन म्हणायचा, ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती पळत होती. लहान मूल दमल्यावर कसं पळतं... तशी.

आणि ते त्याला सहन झालं नाही. भीतीपेक्षा ते मोठं झालं. घरी पोर झोपली होती ना त्याची. अर्ध्या घाटात रस्ता जरा रुंद आहे, गाड्या थांबवून लोक दरी बघतात, तिथे त्याने ट्रक बाजूला घेतला. इंजिन बंद केलं.

पावलं थांबली. ट्रकच्या मागे.

मग हळूहळू... कडेकडेने... पुढे येऊ लागली.

मागचं चाक.

मधली फळी.

शेजारचं दार.

टोचन समोर बघत राहिला. मान वळवली नाही. दाराची मूठ वर उचलली गेली. एकदा. लॉक होतं. मूठ खाली पडली.

मग काही नाही.

किती वेळ गेला त्याला माहीत नाही. शेवटी समोरच्या काचेकडेच बघत म्हणाला, “बाळ... चुकलं माझं. गाडी परत ठेवतो. तू तिथेच थांब.”

त्याने ट्रक वळवला आणि परत वर निघाला. आरशात पाहिलं नाही. एकदाही नाही.

चौकीदाराने न विचारता फाटक उघडलं. गाडी होती त्याच जागी टोचनने उतरवली. ओढाओढीत मोजे खाली पडले होते, ते उचलून परत घडीवर ठेवले. गाडीची दारं उघडी ठेवली, आतला दिवा लावला. मग तिथेच, खाली जमिनीवर बसून रडला. एवढा मोठा माणूस. खाली उतरताना रस्ता मोकळा होता. कोणी मागे नव्हतं. त्याला वाटलं, सुटलो.

सकाळी मी दुकान उघडायला आलो तर हा ट्रकपासून लांब, गॅरेजच्या पायरीवर बसलेला. घरी गेलाच नव्हता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, “शेजारच्या सीटकडे बघून ये.”

मी गेलो. ते दार आतून लॉकच होतं. काचेतून पाहिलं.

सीटचा पट्टा लावलेला होता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? अरे, रिकाम्या सीटवर पट्टा लावला तर तो सीटला चिकटून बसतो, सपाट. हा तसा नव्हता. पुढे उभा होता. ताणलेला, गोल. सीटची पाठ आणि पट्टा यांच्यामध्ये एखादी उशी मावेल एवढी जागा. आणि त्या जागेत... काही नाही. मी पलीकडून चढलो, खटका दाबला. दाबला जाईना. पट्टा मागे ढकलून पाहिला. मागे जाईना. स्पेअर पार्ट विकण्यात माझा जन्म गेला, पण तसा पट्टा मी कधी पाहिला नव्हता.

टोचन म्हणाला, “माझ्याबरोबर आली ती.”

त्याच दुपारी पाणबुड्यांना मुलगी सापडली. धबधब्यापासून खूप खाली, नदीच्या वाकणावर. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी गेली असणार. बाई गाडीजवळ बसली होती, तिथूनच तिला घेऊन गेले. अंत्यविधी झाला. आम्हीही गेलो होतो. टोचन सर्वांत मागे उभा होता. मला हळूच म्हणाला, सांगू का त्यांना? मी त्याचा दंड धरून ठेवला. ज्यांनी आत्ता पोरीला निरोप दिला, त्यांना जाऊन काय सांगणार, की तुमची मुलगी माझ्या ट्रकमध्ये बसलीये?

आठवडाभर तो घुसमटत राहिला. रात्री उठून बसायचा. मग एक दिवस त्याने ठरवलं, काय म्हणायचं ते म्हणू देत, तिला घरी न्यायचं. तोच ट्रक घेऊन सरांच्या घरी गेला. दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, सामान हलवून गेले दोघं. कुठे, ते कोणाला माहीत नाही. शाळेतही पत्ता लागला नाही. टोचन फाटकासमोर ट्रक उभा करून संध्याकाळपर्यंत थांबला. शेजारचं दार उघडं ठेवून. म्हणत राहिला, बाळ, हे बघ घर आलं. उतर.

पट्टा सुटला नाही.

एकदा कटर घेऊनही गेला. तसाच परत आला. म्हणाला, “कापला तर ती बसेल कुठे?”

ट्रक पुन्हा कधी रस्त्यावर आला नाही. गॅरेजच्या मागे पत्र्याखाली उभा केला. टोचनने धंदा बंद केला, तरी संध्याकाळी तासभर त्यात जाऊन बसायचा. नुसता बसायचा. त्याची स्वतःची पोर लग्न होऊन गेली, तिच्या लग्नातसुद्धा मधेच उठून जाऊन बसून आला. दोन वर्षांपूर्वी तोही गेला. वहिनींनी ट्रकची किल्ली माझ्याकडे दिली. त्यांना तिकडे बघवत नाही.

आता मी जातो कधीकधी. चाकं बसलीत, छताला गंज चढलाय, सीटवर ही एवढी धूळ. पट्टा तेवढा स्वच्छ.

तो अजून लावलेलाच आहे. पण पहिल्या दिवशी मी पाहिला तसा राहिलेला नाही. दर वर्षी थोडा थोडा बाहेर सरकतोय. आधी सीटच्या निम्म्यावरून जायचा, आता खांद्याला यावा तसा वरून येतो. मागच्या महिन्यात पाहिला.

वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला बसेल एवढा झालाय.