कुंडी हलवू नये

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या पायावर कुंडी ठेवली. मुद्दाम नव्हे. तो कुंडी कवटाळून पाठमोरा चालत होता आणि ती काचघराच्या दारातून आत येत होती, एवढंच.

"सरका जरा, हिला ऊन मिळत नाहीये."

पाय चोळत तिने पाहिलं. कुणी आजारी बाई असावी असा त्याचा सूर होता. होतं सफरचंदाचं वीतभर रोप, आणि त्याला चक्क काटे होते.

"सफरचंदाला काटे?"

"लहानपणी असतात. वय वाढलं की जातात." त्याने तिच्या कपाळावरच्या आठ्यांकडे पाहिलं. "बहुतेकांचे."

अशा माणसाबरोबर तिला काम करायचं होतं. रोपं वाढवायची त्याने, निवडायची तिने. सफरचंदाला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तितका धीर हल्ली कुणाला आहे? म्हणून रोप लहान असतानाच पानाचा तुकडा कापायचा, त्यातला डीएनए वाचायचा, ज्यांची फळं आधी चाखून झाली आहेत अशा जुन्या झाडांच्या डीएनएशी तो ताडून पाहायचा आणि रोपाला गुण द्यायचे. गुण कमी पडले की रोप खतात. तिची मावशी फोनवरून स्थळं सुचवायची तीही साधारण याच शास्त्राने. मुलगा न बघता, त्याची उंची, पगार आणि त्याच्या आईचा स्वभाव एवढ्यावरून पुढच्या चाळीस वर्षांचं भाकीत. फरक इतकाच, की मावशीला आपण चुकू शकतो हे मान्य नव्हतं.

ही पहिली तुकडी नीट निवडली तर तिची नोकरी कायम होणार होती. नाही तर सामान बांधून मावशीकडे, म्हणजे थेट स्थळांच्या तोंडी.

निकाल आले. तिने नापास रोपांचे क्रमांक त्याला सांगितले आणि ती खतात टाकायला लावली. तो "बरं" म्हणाला. इतक्या सहज "बरं" म्हणणाऱ्या माणसाचा संशय यायला हवा होता, पण तिचा स्वभाव गणिती, म्हणजे भोळा.

आठवडाभराने ती तणतणत काचघरात आली.

"तुमच्या निम्म्या रोपांचे आईबाप भलतेच निघालेत!"

"माझ्या रोपांच्या चारित्र्याबद्दल जपून बोला."

"या रांगेतली सगळी एकाच आईची पेरली होती ना? डीएनए म्हणतो, नाहीत. हे होतं कसं?"

तो कान खाजवू लागला. "कुंड्या... थोड्या हलवल्या."

"थोड्या म्हणजे?"

"रोज. कोपऱ्यातल्यांना ऊन लागत नाही हो. आळीपाळीने सगळ्यांना..."

तिने डोळे मिटले. क्रमांक चिकटवले होते मेजावर, कुंडीवर नव्हे. कुंडीवर याने खडूने नावं लिहिली होती: लाडोबा, सुस्त, भांडखोर. म्हणजे पानं कापली तेव्हा क्रमांकावर एक रोप, आणि टाकायला सांगितलं तेव्हा भलतंच.

"म्हणजे मी लाडोबाचे गुण पाहून भांडखोरला खतात घातलं!" तिचा आवाज चिरकला. "चांगली गेली, टाकाऊ राहिली. परवा मोठ्या साहेबांना काय दाखवू? माझी नोकरी गेली, कळतंय का तुम्हाला?"

तो मागच्या दाराकडे वळला. ती मागोमाग. काचघरामागे अवजारांची खोली होती, तिच्यामागे भिंतीचा आडोसा. तिथे सगळी नापास मंडळी ओळीने उन्हात बसली होती. पाणीही घातलेलं.

"टाकवेनात," तो म्हणाला.

तिला धड रागावताही येईना. याच्या एका खोडीने तिला बुडवलं आणि दुसऱ्या खोडीने वर काढलं. आभार मानावेत की कानाखाली द्यावी, याचं सूत्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"आधी क्रमांक लावा. कुंडीवर!"

मग पुन्हा पहिल्यापासून. तो पानाचा गोल तुकडा कापायचा, ती नळी पुढे धरायची. वाकून वाकून पाठी मोडल्या. बोटं अधूनमधून एकमेकांना लागत होती... दोघंही पानांकडे अतिशय बारकाईने पाहत होती.

"तुमचं गणित माणसांना लागू पडतं का?"

"आधीचे नमुने भरपूर लागतात. तुमच्यासारखा मला एकच भेटला. एकावरून अंदाज बांधत नाहीत."

"म्हणजे नापास?"

"म्हणजे माहिती अपुरी. कापा तुम्ही, पानं सुकतायत."

एवढ्यात तिच्या हाती काट्यांची ती कुंडी आली. खडूने लिहिलं होतं— रागीट.

"हे कुणाचं नाव?"

"रोपाचं." त्याचे कान लाल झाले. "त्या दिवशी तुमच्या पायावर ठेवलं ना... तेव्हा सुचलं."

नवे निकाल आले तेव्हा सगळे आईबाप जागच्या जागी होते. साहेबांनी मान डोलावली, नोकरी कायम झाली. 'कुंडी हलवू नये' अशी पाटी लागली. मावशीने पाच स्थळं सुचवली. रागीट मात्र तळाशीच राहिली. गणिताला मुरवत नसते.

"हिला आता खरंच टाकायचं ना?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"ठेवायची."

"गुण तर..."

"गुण म्हणजे अंदाज. तो खरा की खोटा, हे फळ चाखल्यावर कळतं."

"पाच-सहा वर्षं! तोवर तुम्ही असाल इथे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका हुशार माणूस इतका मठ्ठ कसा असू शकतो, याला आनुवंशिक कारण असावं.

"पाणी तू घालायचंस," ती म्हणाली. "मी बघायला रोज असेन. आणि मावशीचा फोन आला की उचलायचाही तूच."

'तू' ऐकून त्याच्या हातातली झारी त्याच्याच बुटात रिकामी झाली.

"आणि कुंडी हलवलीस तर याद राख!"

एवढं बजावून तिने पाटीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या सावलीकडे पाहिलं... आणि वैतागत, पुटपुटत, रागीटची कुंडी स्वतःच उचलून उन्हात सरकवली.