साडेतीनची ट्राम

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लालबागच्या रस्त्यावरचं डांबर दोन सरळ रेषांत उकलायला लागलं. ऊन होतंच तसं मेलं. चप्पल टेकवली की चिकटायची. चार दिवसांत त्या रेषांतून लोखंड दिसू लागलं. ट्रामचे रूळ. चौसष्ट साली ट्राम बंद झाली तेव्हापासून ते डांबराखाली गाडलेले होते. म्हाताऱ्यांनी थांबून पाहिलं, पोरांनी तोल सांभाळत त्यावरून चालून पाहिलं, आणि विषय संपला. गिरण्यांच्या संपाला पंधरा महिने झालेले. जुनं लोखंड बघत बसायला कुणाचं चित्त थाऱ्यावर होतं?

रखमाला मात्र एक गोष्ट खटकली. रुळांना गंज नव्हता. रोज वरून चाकं फिरत असावीत तसे ते लखलखत होते.

रखमा रस्त्यालगतच्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहायची. एका खोलीत ती, तिचा एकवीस वर्षांचा मुलगा चंदू, आणि तिची खानावळ. संपाआधी गिरणीतले चौदा गडी पंगतीला असायचे. एकेक करून सगळे कोकणात गेले, राहिला एकटा जगदीश. त्याला जायला गावच नव्हतं. आईबाप लहानपणी गेले, लग्न कुणी लावून दिलं नाही. गिरणीत अकरा वर्षं काढली तीही बदली म्हणून. चंदूही बदलीच.

कायम कामगार आला नाही, तर त्या दिवसापुरता त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहतो तो बदली. पाळीच्या आधी सगळे बदलीवाले फाटकाशी जमायचे. मुकादमानं बाहेर येऊन नुसतं "बदली!" म्हटलं की पन्नास हात वर. तो दंड चाचपायचा, तोंड बघायचा, एकाला आत घ्यायचा, बाकीचे आल्या पावली घरी. चंदू झोपेतही हात वर करतो म्हणून रखमा त्याची टर उडवायची. पण या लोकांचा आपसांत एक शिरस्ता होता, आणि तो कुणी मोडत नसे. कामाचा वास लागला तर एकट्यानं जायचं नाही. फाटकावरच्या सोबत्यांना सांगायचं. मग ज्याच्या नशिबात असेल त्याला मिळेल.

आवाज पहिल्यांदा आला तो गुरुवारी, दुपारी साडेतीनला. एरवी ही पाळी सुटायची वेळ. रस्ता माणसांनी फुलून जायचा. आता भोंगा नाही की गर्दी नाही. रखमा डाळ निवडत होती.

ठण्. ठण्.

ट्रामचा मोटरमन पायानं दाबायचा ती घंटा. फळीवरची फुलपात्रं किणकिणली.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"काय?" चंदू आडवा पडल्या पडल्या म्हणाला. "उन्हानं डोकं फिरलंय तुझं, आये. पाणी पी."

शुक्रवारीही तेच. शनिवारी ती आधीच गॅलरीत जाऊन उभी राहिली, आणि परळच्या बाजूनं ट्राम येताना तिनं पाहिली.

टपावरचा दांडा वर ताणलेला होता. वर तार नव्हतीच, तरी दांड्याच्या टोकाला निळी ठिणगी उडत होती. समोरून आलेल्या बसवाल्यानं जांभई देत बस थांबवली, कशासाठी ते त्याचं त्यालाही माहीत नसावं. रस्त्याच्या मधोमध एक कोळीण गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. बोलता बोलता तिनं टोपली उचलली, चार पावलं मागे सरली, ट्राम गेल्यावर पुन्हा जागेवर आली. भाव करणं मध्ये एकदाही थांबलं नाही.

खिडक्याखिडक्यांत पुरुष बसलेले. हात मांडीवर, नजर समोर. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मागून तिसऱ्या खिडकीत रामजी होता.

रखमाचा नवरा. एकतीस मार्च चौसष्टला, "आज शेवटची ट्राम आहे, एक फेरी मारून येतो" म्हणून गेला तो गेलाच. त्या दिवशी अख्खी मुंबई रस्त्यावर लोटली होती. सगळ्यांची माणसं परत आली. रामजीनं बाई ठेवली, रामजी दुबईला पळाला, लोक काय वाटेल ते बोलले. सासू तर याच खोलीत मरेपर्यंत म्हणत राहिली की सुनेच्या तोंडाला कंटाळून पोर गेलं. रखमानं कुंकू पुसलं नाही. मेला असता तर एकदाचं रडून मोकळी झाले असते, असं ती म्हणायची, आणि ते अगदी खरं होतं.

आणि आता हा समोर! सत्तावीस वर्षांचा, जसाच्या तसा. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट. त्याची विरलेली कॉलर तिनंच उलटून शिवली होती. अगं बाई, या माणसाला एकोणीस वर्षांत भूकसुद्धा लागली नसेल का, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं.

रविवारी ती जुन्या थांब्याच्या जागी जाऊन उभी राहिली. ट्राम तिच्यापुढे थांबली. दारात खाकीतला कंडक्टर होता, शेजारच्या चाळीतला कुणी म्हणून सहज खपेल असा. फक्त त्या उकाड्यात त्याचे कपडे कोरडे ठणठणीत होते.

"माझा माणूस आहे आत," रखमा म्हणाली. "उतरवा त्याला."

"तिसरी खिडकी?" त्यानं न वळता विचारलं.

"होय."

"जागा रिकामी ठेवता येत नाही, बाई. बदली द्या."

"मी बसते."

"पुरुषाच्या जागी पुरुष. उद्याची फेरी शेवटची."

"आणि बदलीवाला? तो परत कधी येणार?"

"त्याच्या जागी कुणी दिला, की येईल," कंडक्टर म्हणाला. घंटा वाजली.

रखमा घरी आली आणि चूल न पेटवता बसून राहिली. खोटं कशाला बोलायचं, कुणाला द्यायचं हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. ज्याची वाट बघणारं कुणी नाही असा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. तो दिवसातून दोनदा तिच्याच हातचं जेवत होता. तिला स्वतःची किळस आली. पण नवरा तिला हवा होता. एकोणीस वर्षं लोकांच्या नजरा झेलून हवा होता, आणि त्यापुढे बाकी सगळं तिनं बाजूला सारलं.

सोमवारी सकाळी तिनं जगदीशसाठी बोंबील तळले.

"आज काय सण आहे, मावशी?"

"तुझ्यासाठी काम बघितलंय. साडेतीनला समोरच्या थांब्यावर ये."

जगदीशचा घास हातातच राहिला. "मिलमध्ये चोरून आत घेणार असतील तर मी नाय येणार हां. संपात फूट पाडायची नाय आपल्याला."

"मिल नाही रे. गाडीवरचं काम आहे. बसून."

"बसून?" तो खो खो हसला. "अकरा वर्षं उभ्यानं काढली, आता बसून! मावशी, सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं."

रखमानं त्याच्या ताटात आणखी दोन बोंबील टाकले. तिला त्याच्याकडे बघवेना. चंदूला तिनं हिंदमाताला धाडलं. तिथल्या एका दुकानाचं काज-बटणाचं काम ती घरी करायची, ते पोचवून यायला दोन तास तरी लागणार होते.

साडेतीनला पाच मिनिटं कमी असताना जगदीश आला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. त्याच्यामागून आणखी चौघे आले. सगळे फाटकावरचे बदलीवाले. आणि चौथा चंदू, बगलेत कपड्यांचं गाठोडं तसंच.

रखमा पुढे झाली. "तू इथं काय करतोयस? जा इथून!"

"जगदीशदादा वाटेत भेटला. काम आहे म्हणाला."

"सांगायला नको?" जगदीश म्हणाला. "एकट्यानं कसा येऊ, मावशी?"

"चंदू, घरी जा. माझी शपथ आहे तुला."

"आये, पंधरा महिने घरीच आहे मी."

ठण्. ठण्.

ट्राम थांबली. पाचांपैकी एकालाही तिचं नवल वाटलं नाही.

कंडक्टर पायरीवर आला. त्यानं नुसतं एकदा म्हटलं,

"बदली!"

पाच हात वर गेले.

रखमानं चंदूचा हात धरून खाली ओढला. तो पुन्हा वर गेला. चंदूनं तो मुद्दाम केला नव्हता. त्याचं लक्षही नव्हतं तिच्याकडे.

कंडक्टर खाली उतरला. जगदीशचा दंड त्यानं चाचपला. पुढच्याचा चाचपला. मग चंदूचा. तिथे त्याची बोटं थांबली.

"हा."

"तो नको!" रखमा किंचाळली. "तो नाही, हा घ्या! याला आणलाय मी! हा!"

जगदीशनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"तरणा आहे," कंडक्टर म्हणाला.

चंदूनं गाठोडं तिच्या हातात कोंबलं. तो हसत होता. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याला पहिल्या हाकेला निवडलं होतं.

दारात रामजी उतरायला उभा होता. बाप सत्तावीसचा, लेक एकवीसचा, नाकडोळे एकाच साच्यातले. "जरा सरका," चंदू म्हणाला. रामजी सरकला, त्याला वाट दिली, आणि खाली उतरला.

रखमा पायरीकडे धावली. तिच्या हाताला पायरी लागली नाही. गरम हवा लागली.

मागून तिसऱ्या खिडकीत चंदू बसला. त्यानं हात मांडीवर ठेवले.

दूरवर घंटा ऐकू येईनाशी झाली, तशी समोर थांबलेली बस सुरू झाली. बाकीचे तिघे खाली मान घालून निघून गेले, फाटकावरून जात तसेच. जगदीश तेवढा थांबला. त्याचे डोळे भरून आले होते.

"माझा हात आधी वर गेला होता, मावशी," तो म्हणाला. "पोटचा पोर दिसल्यावर तुम्ही कंडक्टरला खूण केलीत ना? वर 'हा घ्या' म्हणून तोंडदेखलं ओरडलात. सांगायचंत मला. मी आलोच नसतो."

तो गेला, तो पुन्हा जेवायला आला नाही.

रामजी मात्र तिच्यामागून निमूट चालत आला. जिना त्याच्या पायांना माहीत होता. वरच्या मोडक्या पायरीशी तो आपसूक वाकडा झाला. खोलीत आल्यावर त्यानं चपला दाराशी काढल्या, मोरीत हातपाय धुतले, आणि भिंतीला टेकून बसला. पडदा ओढलेला, खोलीत अंधूक. रखमानं चूल पेटवली, भात टाकला. कमरेत वाकलेली, केस पांढरे झालेली ती बाई चुलीपाशी वावरताना तो बराच वेळ बघत राहिला. घर आपलंच आहे याची खूण पटल्यासारखा त्याचा चेहरा सैलावला.

त्यानं ताट पुढे ओढलं.

"आये," तो म्हणाला, "रखमा चंदूक घेवन खंय गेली गो?"

रखमानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"येतील," ती म्हणाली, आणि त्याला भात वाढला.