शेळीच्या पोटातली सुई

"ही आमची सुई नाही! नाही म्हणजे नाही!"

चैताली इतक्या जोरात ओरडली, की समाजमंदिराच्या पायरीवर पसरलेलं कुत्रंसुद्धा उठून निघून गेलं.

समोर अंगणवाडीच्या मीनाबाई उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात फेल्टची तपकिरी शेळी होती आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी. पुडीत मोडक्या सुईचा तुकडा.

"मग कुणाची गं? भीमाच्या बोटात घुसली ही. एवढंसं पोर! शेळीला उराशी धरून बसलं होतं आणि एकदम किंचाळलं. रक्त थांबेना."

मे महिन्याची सुट्टी होती. आठवीतली चैताली, तिचा चुलतभाऊ यशपाल आणि दोघांचा दोस्त बिरप्पा, या तिघांनी सोलापूरच्या उन्हात पंख्याखाली बसून फेल्टचे प्राणी शिवले होते. शेळ्या, उंट, कासवं आणि एक पाय आखूड राहिलेला हत्तीसुद्धा! आत भरायला वळसंग गावची लोकर होती, बिरप्पाच्या घरच्या मेंढरांची. ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, गच्चीवर वाळवली आणि बोटांनी पिंजली होती. सगळं अंगणवाडीतल्या पोरांसाठी.

वाटपाचं काम मात्र युवक मंडळाचे अध्यक्ष प्रभुकाका यांनी अंगावर घेतलं. खेळणी चार दिवस स्वतःकडे ठेवली आणि मग वाटली. त्या दिवशी भलामोठा बॅनर लागला. त्यावर हात जोडून हसणारे प्रभुकाका! शिवणाऱ्यांची नावं कुठेच नव्हती. आता सुई निघाल्यावर मात्र ती नावं सगळ्यांना बरोबर आठवली.

"मी सांगत होतो!" प्रभुकाका खेळण्यांचं पोतं फरफटवत आले. "शिवणकाम म्हणजे काय चेष्टा आहे? त्यात भरलंय काय, तर मेंढरांची घाण! सगळं परत गोळा केलंय मी. उद्या सकाळी घंटागाडीत टाकतो. आणि उद्यापासून हे धंदे बंद!"

बिरप्पाचं तोंड एवढंसं झालं. ते बघून चैतालीच्या डोक्यात तिडीक गेली.

तिची आई एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायची. सुई मोडली, की तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत काम थांबवायचं, हा त्यांच्या घरचा नियम होता. चैतालीने तो एकदाही मोडला नव्हता. तिने पुडीतला तुकडा उचलून उजेडात धरला.

"काका, हे बघा! सुईचं नेढं टोकाजवळ आहे. हातसुईचं नेढं मागच्या बाजूला असतं. ही मशिनची सुई आहे! आम्ही तर सगळं हाताने—"

"मोठ्यांना उलट बोलतेस?" प्रभुकाका गरजले. त्यांनी पोतं समाजमंदिरात टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि चालते झाले.

मीनाबाई घुटमळल्या. हातातली शेळी त्यांनी चैतालीकडे दिली. "माझा भरवसा उडालाय गं. पण बघ तूच."

चैतालीने शेळी उलटी केली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"यशपाल, पोटाची शिवण बघ! मी हाताने काजटाका घातला होता. हा सरळ मशिनचा टाका आहे. कुणीतरी पोट फाडून परत शिवलंय!"

"चार दिवस खेळणी कुणाकडे होती?" यशपाल म्हणाला. "आणि काकांच्या मेव्हण्याची टॉवेलची शेड आहे की अक्कलकोट रोडला!"

तिघांनी सायकली काढल्या. ऊन असं होतं, की हँडलला हात लागवत नव्हता. पण राग त्याहून तापलेला होता, त्यामुळे कुणी कुरकुरलं नाही.

शेडच्या मागे गटार होतं. त्याच्या कडेला काळ्या-करड्या लोकरीचा ढीग चिखलात पडला होता. बिरप्पा खाली बसला. त्याने एक झुपका उचलून बोटांत चोळला.

"आपलीच हाय," तो म्हणाला. "लई दिस धुतली होती मी. हात सोलले होते रिठ्यानं. आणि ह्यांनी गटारात टाकली!"

"याक तम्मा, काय पायजे?" कानडी-मराठी मिसळून विचारत, चहाचा पेला घेऊन एक कामगार मागच्या दारात आले. ते शेडमधले मशिनवाले रुद्रप्पा होते; यशपाल त्यांना ओळखत होता.

"मामा, ही लोकर कुणी टाकली?" यशपालने विचारलं.

"मीच की! प्रभुशेठ खेळणी घेऊन आले. म्हनले, मेंढराचा वास येतोय, काढून टाक. मग मशिनखालचा झाडलेला दोरा भरला आनि शिवून दिलं."

"मशिनखालचा?" चैताली किंचाळली. "तिथे मोडक्या सुया पडतात ना!"

"पडत्यात की. लोहचुंबक फिरवून घ्यायला पायजे होतं. पन शेठ म्हनले, घाई हाय, बॅनर लागलाय." रुद्रप्पांनी पेल्यात बघितलं. "का गं, काय झालं?"

"तीन वर्षांच्या पोराच्या बोटात सुई घुसली, ते झालं!"

रुद्रप्पांचा चहा हातातच राहिला. पोरं तोवर ओली लोकर पिशवीत भरून निघालीसुद्धा होती.

"आत्ताच जाऊन सगळ्यांना सांगू!" यशपाल पेडल मारत ओरडला.

"आपलं कोण ऐकणार बे?" चैताली म्हणाली. "सकाळी ऐकलं का? ते घंटागाडीत टाकून मोकळे होतील. त्यांनाच बोलू द्यायचं, सगळ्यांसमोर. त्यांना सांगू, आम्हाला माफी मागायची आहे."

"माफी? आपण?"

"मागणार नाही रे! मागतो असं सांगू."

अंदाज अगदी बरोबर निघाला. संध्याकाळी प्रभुकाका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर! गल्लीतली माणसं त्यांनीच गोळा केली. भीमाची आई बोटाला पट्टी बांधलेल्या भीमाला घेऊन आली होती. काकांनी कुलूप काढून पोतं टेबलावर ठेवलं आणि घसा साफ केला.

"पोरं आहेत, चुकतात. पण माफी मागण्याचं धाडस—"

"काका, आधी एक विचारू?" चैताली पुढे आली. मान खाली, आवाज गोड. "तुम्ही या खेळण्यांत काही बदल केला होता का?"

"मी? एका टाक्यालाही हात लावला नाही!"

"मग आत काय आहे?"

"तुम्हीच भरलेली लोकर! वासानं डोकं दुखतंय माझं."

"अजून येतोय वास?"

"येतोय म्हणजे? इथवर येतोय!"

चैतालीने कात्री काढून उंटाचं पोट उभं कापलं. टेबलावर निळे, गुलाबी, हिरवे दोरे पडले. लोकरीचा एक केससुद्धा नव्हता!

यशपालने जुन्या स्पीकरचा लोहचुंबक त्या दोऱ्यांवरून फिरवला. टक्! त्याला सुईचं एक टोक चिकटलं. त्याने हत्ती फाडला. टक्! आणखी एक.

बिरप्पाने ओल्या लोकरीची पिशवी टेबलावर रिकामी केली. "ही आमची लोकर. काकांच्या मेव्हण्याच्या शेडमागच्या गटारातनं आणली. घ्या, वास घ्या!"

"मी... आपलं चांगल्यासाठीच... लोकांनी नाक मुरडलं असतं..." प्रभुकाका शर्टाच्या बाहीने घाम पुसू लागले.

"चांगल्यासाठी?" मीनाबाईंचा चेहरा लाल झाला होता. "आमची पोरं हे तोंडात घालत होती! आणि मी या तिघांना बोलले. पोरांनो, चुकलं माझं. शाबास तुमची! डोळे उघडे ठेवलेत."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. तिघांच्या पाठीवर थापा पडल्या. कुणीतरी फोटो काढायला मोबाइल धरला. पण चैतालीचा राग अजून उतरला नव्हता.

"आम्हाला फोटो नको," ती म्हणाली. "काका, आधी भीमाच्या आईची माफी मागा. मग बिरप्पाची. त्याच्या घरच्या लोकरीला तुम्ही घाण म्हणालात."

प्रभुकाका पुटपुटले.

"ऐकू आलं नाही!" भीमाची आई म्हणाली.

त्यांना मोठ्याने म्हणावं लागलं, दोनदा. मग मीनाबाईंनी त्यांच्या हातात कात्री ठेवली. "बसा खाली. सगळी उसवायची. लोकरही परत तुम्हीच धुवायची."

दोन दिवसांनी समाजमंदिराच्या फरशीवर प्रभुकाका मांडी घालून बसले होते. हात रिठ्याने सोललेले होते. शेजारी वाळलेली, पिंजलेली लोकर आणि समोर रिकाम्या पोटाची शेळी. त्यांनी दोन चिमटी लोकर आत सारली आणि शेळी चैतालीकडे शिवायला सरकवली.

बिरप्पाने ती मधेच उचलली, दाबून पाहिली आणि त्यांच्यासमोर परत ठेवली.

"घट्ट भरा, काका," तो म्हणाला. "पोरं गालाखाली घेऊन झोपत्यात."