नदी की नियम

धनेशची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नौपाड्यातल्या अभ्यासिकेत मी रुमाल टाकून खिडकीजवळची खुर्ची धरली होती. चहा पिऊन आले, तर रुमाल घडी करून बाजूला आणि खुर्चीत हा. "तुझा का? मला वाटलं कोणीतरी विसरलं," असं इतक्या निष्पाप चेहऱ्याने म्हणाला की मला रागवायचंही सुचेना. एम.ए.च्या वर्गात तो माझ्याच मागे बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात सलिल सरांनी वादविवाद जाहीर केला. एखादा देश शे-दोनशे वर्षांत श्रीमंत होतो, तो कशामुळे? धनेशच्या वाट्याला भूगोल आला – नदी, बंदर, सुपीक जमीन. माझ्या वाट्याला संस्था – कायदे, शाळा, न्यायालयं. म्हणजे नियम कोण करतं आणि कोणासाठी. तयारी एकत्र करायची, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. प्रतिस्पर्ध्याबरोबर कोणी तयारी करतं का? पण त्याचे डोळे... जाऊ दे. मी हो म्हणाले.

तो शहाडच्या जुन्या आगरी घरातला. उल्हास नदीच्या काठी त्यांची शेती, जवळून रेल्वे गेली, इमारती आल्या आणि जमिनीचं सोनं झालं. आजोबांनी काही केलं नाही, जागा बरोबर होती, बस, असं तो हसत सांगायचा. त्या हसण्यावर मी चिडायचे की विरघळायचे, मलाच कळत नव्हतं. एकदा मात्र तोंडातून निघून गेलं.

"नदी माझ्या आजोबांच्या गावालाही होती, धनेश. पाणवठ्यावर आम्हाला जाऊ द्यायचे नाहीत. म्हणून ते विठ्ठलवाडीला आले."

त्याने वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिकेत आलाच नाही, वर्गातही नाही. माझे मेसेज वाचायचा, उत्तर द्यायचा नाही.

दुखावला? घाबरला? की आम्ही बौद्ध आहोत हे त्याला आत्ताच कळलं? मला काही समजेना. त्याची आठवण यायची आणि वर त्याचा मुद्दाही पटायचा. विठ्ठलवाडी रेल्वेच्या वाटेवर नसती, तर आजोबा पोचले असते कुठे? वादविवादाच्या दिवशी मी सरळ उभी राहिले आणि भूगोलाच्या बाजूने बोलले. मी त्याचं ऐकलं होतं, हे त्याला कळायला हवं होतं.

सर गोंधळले. मग धनेश उठला, माझ्याकडे बघतच राहिला.

"मी पण... दुसरीच बाजू आणलीये, सर," तो म्हणाला. "आमची जमीन नदीने पिकवली, पण सातबाऱ्यावर नाव होतं म्हणून ती आमची राहिली. नदी सगळ्यांसाठीच वाहते. पाणी कोणी भरायचं, ते माणसं ठरवतात."

वर्ग हसत सुटला. सरांनी कपाळाला हात लावून दोघांनाही बाद केलं. मी मात्र रडायच्या बेतात होते. जिन्यात त्याला गाठलं आणि इतके दिवस कुठे होतास, म्हणून विचारलं.

"घरीच. आईला तुझं नाव सांगितलेलं. आडनावासकट."

मी कठडा धरला. "मग?"

"मग काय, बोलणंच बंद केलं तिने. तुला काय लिहू, तेच कळेना. ती नाहीच म्हणाली असती, तर..." त्याने शर्टाचं बटण उगाचच फिरवलं. "आज सकाळी डबा देताना आपणहून विचारलं, 'ती मुलगी मावरं खाते का?'"

मावरं म्हणजे मासे. एवढे जाडजूड सिद्धांत वाचले, पण माणसाच्या घरातला नियम कधी आणि कशाने हलतो, ते कुठेच सापडलं नव्हतं. अजूनही सापडलेलं नाही. मला तो आवडत होता, एवढंच नक्की होतं.

"खाते," मी म्हणाले. "फक्त बोंबील नाही आवडत."

"ते तूच सांग तिला. रविवारी, समोर बसून," तो म्हणाला. "माझी हिंमत नाही."